काचेची तार आणि पत्र्याचा डबा

एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या दोन इमारती आहेत. जुनी कौलारू, तिच्यात कार्यालय. नवी सिमेंटची, तिच्यात संगणक कक्ष. मधे साठ मीटर मैदान आणि एक कडुलिंब. २०१० साली दोन्हीकडचे संगणक एकमेकांना जोडायचे ठरले, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला सल्ला विचारला. मी पुस्तक उघडले. संगणकाच्या जाळ्याची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, असे पुस्तकात होते. साठ हे शंभरापेक्षा कमी. झाले! एका दोरीच्या आधाराने केबल या छपरावरून त्या छपरावर ओढली, दोन्ही टोकांना बाजारात मिळणारे साधे स्विच बसवले आणि मी घरी आलो.

२०१२ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज त्या कडुलिंबावर पडली. इमारतींना साधा ओरखडाही नाही, कुणाला इजा नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो दोन्ही स्विच मेलेले आणि नऊ संगणकांची जाळ्याची पोर्टे जळालेली. ते संगणक लोकवर्गणीतून आलेले होते. मुख्याध्यापक रागावले नाहीत, ते एवढेच म्हणाले, "साहेब, वीज पडली झाडावर, मग संगणक का जळाले? मुले विचारताहेत, काय सांगू?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझे जे मत झाले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. कारखाने, पंपगृहे, वीज उपकेंद्रे अशा ठिकाणी लागणारे प्रकाशतंतूंची पोर्टे असलेले स्विच आपल्याकडे बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून निवडले जातात. किती पोर्टे, किती वेग आणि किती किंमत हे तीन प्रश्न आधी विचारले जातात. मला वाटते पहिला प्रश्न वेगळाच असावा : जिथे हा डबा बसणार, तिथल्या सर्वांत वाईट दिवशी याचे काय होईल?

स्विच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दिव्याचे बटण आले असेल, तर तो दोष तुमचा नाही. नावच तसे पडले आहे. हा स्विच म्हणजे टपाल कचेरीत पत्रे खणाखणांत टाकणाऱ्या माणसासारखा. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक पत्ता असतो. आलेला निरोप कोणत्या पोर्टावरून आला हे पाहून स्विच त्या पत्त्याची नोंद आपल्या तक्त्यात करतो आणि पुढच्या वेळी त्या पत्त्याचा निरोप नेमका त्याच पोर्टातून बाहेर पाठवतो. पत्ता ठाऊक नसेल तर सगळीकडे ओरडून विचारतो. या पद्धतीचे नाव ईथरनेट. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली, ती कचेरीतल्या यंत्रांसाठी. कचेरी म्हणजे सावली, पंखा आणि चहा! आज तीच पद्धत साखर कारखान्यात उसाच्या भुश्यात आणि उन्हात तापलेल्या लोखंडी कपाटात राबते आहे, आणि निवडीची अडचण तिथूनच सुरू होते.

आता मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे वळू. आपण शाळेत शिकतो की जमिनीचे विभव शून्य. हे गृहीत धरायला ठीक आहे, पण ते सदासर्वकाळ खरे नसते. जमिनीलाही रोध असतो. एखाद्या वीज उपकेंद्रात दोष निर्माण झाला आणि समजा १०,००० अँपिअर प्रवाह तिथल्या अर्थिंगमधून जमिनीत उतरला. अर्थिंगचा रोध अवघा अर्धा ओहम धरा. ओहमचा नियम तुम्हाला पाठ आहे : १०,००० गुणिले ०.५ म्हणजे ५,००० व्होल्ट. त्या क्षणापुरती त्या उपकेंद्राची जमीन, तिच्यावरची कपाटे आणि कपाटांतली यंत्रे दूरच्या जमिनीपेक्षा ५,००० व्होल्टने वर उचलली जातात. सगळेच एकत्र वर गेले तर आतल्या यंत्रांना फारसे काही होत नाही. पण एक तांब्याची तार उपकेंद्रातून निघून दूरच्या दुसऱ्या इमारतीत गेलेली असेल, तर तिचे एक टोक ५,००० व्होल्टवर आणि दुसरे शून्यावर! ईथरनेटच्या तांब्याच्या पोर्टात एक चिमुकला रोहित्र बसवलेला असतो. त्याने १,५०० व्होल्टचा ताण एक मिनिट सोसावा अशी प्रमाणाची अपेक्षा आहे. ५,००० पुढे तो बिचारा काय करणार?

आमच्या शाळेत हेच घडले. दोन इमारतींची दोन अर्थिंगे. वीज झाडावाटे जमिनीत शिरली, एका इमारतीखालची जमीन दुसरीपेक्षा वर उचलली गेली, आणि त्या दोन जमिनींना जोडणारी एकुलती एक बारीक वाट मी स्वतःच्या हाताने बांधून दिली होती. त्यात भर म्हणजे विजेच्या कडकडाटातील बदलते चुंबकीय क्षेत्र. साठ मीटर लांब तारेत त्याने आणखी विद्युतदाब प्रवर्तित केला असणार. पुस्तकातले शंभर मीटर खरेच होते, पण ते अंतराचे उत्तर होते. मी दुसरा प्रश्नच विचारला नव्हता.

काच इथे उपयोगी पडते, कारण काच वीज वाहत नाही. दोन टोकांमध्ये प्रकाश जातो. प्रवाह जात नाही. एक जमीन वर गेली काय आणि खाली गेली काय, काचेला त्याचे सुखदुःख नाही. शेजारी पाचशे अश्वशक्तीची मोटर सुरू झाली तरी तिच्या चुंबकीय गोंगाटाचा प्रकाशावर परिणाम होत नाही. अनेकांना, अगदी शिक्षकांनाही, वाटते की प्रकाशतंतू वापरतात तो निरोप वेगाने पोचावा म्हणून. हा गैरसमज आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तांब्याच्या चांगल्या केबलमध्ये विद्युत संदेशही जवळजवळ तितक्याच वेगाने धावतो. काचेचा खरा गुण म्हणजे ती दूरवर, स्वच्छ आणि वेगळेपणाने निरोप नेते.

काचेचा इतिहास इथे थोडक्यातच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवले आणि १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पण त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझे. १९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धांचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी दूरसंदेशनाचे काम भागेल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ते साधले. आज उत्तम तंतूतून एक किलोमीटर गेल्यावर शंभरातले सुमारे पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतूचा गाभा एका अपवर्तनांकाचा आणि भोवतालचे आवरण किंचित कमी अपवर्तनांकाचे असते. आतला किरण सीमेवर तिरका आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तन पावून आतच राहतो. हे तुम्ही शिकला आहात. निवड करताना मात्र गाभ्याची जाडी पाहावी लागते. जाड गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा, त्यात किरणांना अनेक वाटा मिळतात. कुणी सरळ जातो, कुणी नागमोडी. एकाच वेळी निघालेले प्रकाशाचे ठोके मागेपुढे पोचतात आणि एकमेकांत मिसळू लागतात, म्हणून वेग वाढवला की अंतर घटते. सेकंदाला दहा कोटी बिट पाठवायचे असतील तर असा तंतू दोन किलोमीटर नेतो. त्याच्या दहापट, म्हणजे शंभर कोटी बिट हवे असतील तर साधारण अर्ध्या किलोमीटरवर थांबावे लागते. बारीक गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा. त्यात एकच वाट असते, त्यामुळे अनेक किलोमीटर निर्धास्त.

माझे मत असे की आज नवा चर खोदायचा असेल तर बारीक गाभ्याचीच केबल टाकावी. केबल महाग नाही. टोकाची प्रकाश पाठवणारी साधने थोडी महाग पडतात. पण खरा खर्च चराचा. मुरूम फोडून, रस्ता ओलांडून एकदा केबल पुरली की ती पंचवीस वर्षे राहावी, आणि स्विच तेवढ्या काळात दोन-तीनदा बदलतील. दोन तंतू हवे असतील तर सहा टाकावेत, याच कारणासाठी. स्विचमध्येही प्रकाशाचे साधन कायमचे जडवलेले घेण्याऐवजी, काढता-घालता येईल अशा छोट्या डबीच्या रूपातले घ्यावे. एक डबी बिघडली म्हणून सगळा स्विच फेकायला नको.

'जास्त पल्ल्याची डबी घेऊन ठेवा, म्हणजे काळजी नाही' असा सल्ला दुकानात मिळतो. तो ऐकू नका. ऐंशी किलोमीटर पल्ल्याचा प्रकाश एक किलोमीटरच्या तंतूत सोडला तर समोरचा ग्राहक दिपून जातो. अंधारात बसलेल्याच्या तोंडावर मोटारीचा दिवा मारावा तसा. मग प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा मधे घालावा लागतो. त्यापेक्षा वहीत हिशेब करा. समजा, प्रेषक आणि ग्राहक यांच्यामध्ये ८ डेसिबेलची घट चालते. चार किलोमीटर तंतू, किलोमीटरला ०.४ प्रमाणे १.६, दोन जोडण्यांचे १, चार सांध्यांचे ०.४, आणि पुढेमागे केबल तुटून सांधावी लागेल, जोडणीत धूळ बसेल, म्हणून राखीव ३. एकूण ६. आठात सहा बसले. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित जमते, आणि तरीही ते न करताच खरेदी होते, याचे मला नवल वाटते.

धुळीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नऊ मायक्रोमीटरच्या गाभ्यापुढे धुळीचा साधा कण म्हणजे दारात बसलेला हत्ती. वापरात नसलेल्या प्रकाशपोर्टांची टोपणे फेकून देऊ नयेत. आणि तंतूच्या टोकात डोकावून तर कधीच पाहू नये! त्यातला लेसर अवरक्त असतो. डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता डब्याकडे. साध्या कचेरीतल्या स्विचवर बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. चंद्रपूरकडच्या वाचकांना हे वाचून हसू येईल. तिथे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसवर जातो. उन्हात ठेवलेल्या बंद लोखंडी कपाटात साठी गाठणे अवघड नाही. औद्योगिक स्विच उणे ४० ते अधिक ७५ अंशांपर्यंत चालेल असे बनवतात. अनेकांना तो आकडा म्हणजे उगीच वाढवलेली किंमत वाटते. पण एक ढोबळ नियम ध्यानात घ्या : वीजपुरवठ्यातले काही धारित्रक दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतात. म्हणून चांगल्या औद्योगिक स्विचला पंखाही नसतो. धातूच्या खाचेदार अंगातूनच उष्णता बाहेर जाते. पंखा हा फिरणारा भाग, म्हणजे बंद पडणारा भाग. शिवाय साखर कारखान्यात तो भुस्सा आत ओढून घेतो आणि डबा आपणच आपला गळा आवळतो.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत 'वाईट दिवस' म्हणजे काय हे सर्वांत स्पष्ट दिसते. उपकेंद्रातल्या स्विचने सर्वांत महत्त्वाचे काम कधी करायचे? बाहेरची वीज गेलेली असताना. तेव्हाच नियंत्रण कक्षाला कळायला हवे की कोणता ब्रेकर उघडला आणि कोणता बंद करता येईल. असा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालत असेल तर तो नेमका त्याच क्षणी मुका होईल. म्हणून त्याला उपकेंद्राच्या बॅटरीवरून एकदिश प्रवाह देतात, आणि तोही दोन वेगळ्या वाटांनी. यादीत 'दोन वीज प्रवेश' अशी ओळ दिसली तर ती चैन समजू नका. पण दोन्ही तारा एकाच फ्यूजवर आणून जोडल्या, तर पैसे पाण्यात. हे मी पाहिलेले आहे.

केबल तुटली तर काय, हा पुढचा प्रश्न. जेसीबीने केबल उखडणे ही आपल्याकडे अपघातापेक्षा रीतच म्हणावी लागेल. उपाय म्हणून स्विच माळेसारखे न जोडता कड्यासारखे जोडतात. एका बाजूने तुटले तर निरोप दुसऱ्या बाजूने जातो. यात एक गंमत आहे. ईथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादा नसते. कडे पूर्ण बंद असेल तर सर्वांसाठी निघालेला निरोप गोल गोल फिरतच राहतो, वाढत जातो आणि जाळे गुदमरते. म्हणून कड्यात एक दुवा मुद्दाम झोपवून ठेवावा लागतो आणि गरज पडताच जागा करावा लागतो. ही युक्ती १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी शोधली. तिच्या मूळ रूपात वाट बदलायला अर्धे ते पाऊण मिनिट लागे. पुढे औद्योगिक कड्यांसाठी वेगळे नियम आले. त्यांतल्या एका पातळीवर पन्नास स्विचांच्या कड्याला जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद लागतात.

२०० मिलिसेकंद पुरेत का? जागेवर अवलंबून आहे. पाण्याच्या टाकीची पातळी बदलायला मिनिटे लागतात. पंपगृहाला २०० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. पण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. उपकेंद्रात 'ब्रेकर उघड' हा निरोप ३ मिलिसेकंदांत पोचावा अशी अपेक्षा असते. २०० मिलिसेकंद थांबायचे म्हणजे दोषाचा प्रवाह दहा आवर्तने रोहित्रातून वाहू द्यायचा. तिथे मग प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र जाळ्यांवरून एकाच वेळी पाठवतात; जी आधी पोचेल ती घ्यायची, दुसरी टाकून द्यायची. उपकेंद्रांसाठी आयईसी ६१८५०-३ असे वेगळे प्रमाणच आहे. पंपगृहासाठी त्याचा आग्रह धरणे म्हणजे डास मारायला तोफ, आणि उपकेंद्रासाठी ते न मागणे हा मला अपराधच वाटतो.

कड्याचा एक दोष मात्र कोणी सांगत नाही. कडे पहिला घाव लपवते. एका ठिकाणी केबल तुटली तरी सगळे सुरळीत चालू राहते, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. सहा महिन्यांनी दुसरीकडे तुटते आणि मधला भाग अंधारात जातो. सगळे म्हणतात, एवढे महागडे कडे घेऊन उपयोग काय? अशा स्विचवर बिघाड कळवणारी एक लहानशी रिले असते. तिला दोन रुपयांची तार जोडून घंटा किंवा लाल दिवा लावायचा, एवढेच काम. आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते.

'इतका विचार करायला वेळ कुठे, कमीत कमी किमतीची निविदा घ्या आणि मोकळे व्हा' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पैशाची ओढाताण मला ठाऊक आहे. ती शाळा मी पाहिली आहे. पण माझे म्हणणे महाग घ्या असे नाहीच. वर्गाच्या आत, एका छपराखाली, तांब्याची केबल आणि साधा स्विच हीच योग्य निवड. तिथे उणे ४० अंशांचा डबा घेणारा माणस मला दूरदर्शी वाटत नाही.

२०१३ साली त्या शाळेत पुन्हा जोडणी केली. या वेळी दोन साधेच स्विच घेतले, मात्र प्रत्येकी एक प्रकाशपोर्ट असलेले, आणि मैदानाखालून तंतू नेला. तिथेही मी पुन्हा चुकणार होतो. दुकानदाराने पोलादी चिलखताची केबल दाखवली. उंदीर-घुशी कुरतडू शकत नाहीत म्हणून ती चांगली. मी होकार देणार, इतक्यात लक्षात आले की आत काच असली तरी ते चिलखत लोखंडाचे आहे! म्हणजे दोन जमिनींमधली तीच जुनी वाट मी पुन्हा, अधिक जाड करून, बांधणार होतो. चिलखताचे अर्थिंग नीट केले तर तशी केबलही चालते, पण शाळेत ते कोण सांभाळणार? शेवटी धातू नसलेली केबल घेतली आणि घुशींसाठी ती जाड प्लास्टिकच्या नळीत घातली. नळीची दोन्ही तोंडे सिमेंटने बुजवण्याचे काम आठवीच्या मुलांनी केले. केबलचा उरलेला हातभर तुकडा विज्ञानाच्या बाईंनी मागून घेतला आहे. एका टोकाला विजेरी धरली की दुसऱ्या टोकाला, कागदावर, टाचणीच्या डोक्याहून लहान उजेडाचा ठिपका पडतो.